सकळ लिपीची किल्ली



फळ्यावर लिहिलेले दोन शब्द आधी नीट पाहावेत : ‘सोञाष लषोवष’. अक्षरे सगळी आपल्या ओळखीची, बाळबोध वळणाची. पण अर्थ काही लागत नाही. संस्कृतच्या जाणकारालाही लागणार नाही, कारण हे शब्द कोणत्याच भाषेतले नाहीत. तरीही त्यांत दडलेले नाव या सभागृहातील प्रत्येकाला ठाऊक आहे. बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाने ते शेकडो वेळा उच्चारलेले असते. त्या नावाकडे आपण थोड्या वेळाने येऊ. आजचा विषय या कोड्याहून मोठा आहे. आपल्याच समाजाने आपलेच धन सहाशे वर्षे अशाच कोड्यात बंद करून ठेवले होते. ते बंद का झाले, पुन्हा उघडले कसे, आणि मधल्या काळात समाजाने त्याची काय किंमत मोजली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

गूढलेखन म्हटले की आपल्याला परदेशी हेरकथा आठवतात. रोमचा सेनानी ज्युलियस सीझर प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेत त्याच्या पुढचे तिसरे अक्षर लिहीत असे, हे शाळकरी मुलांनाही माहीत असते. पण हीच मुले घराच्या अंगणात जी ‘च’ची भाषा बोलतात, तीही गुप्तभाषाच आहे, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. शब्दाच्या पहिल्या अक्षराच्या जागी ‘च’ घालायचा आणि काढलेले अक्षर शेवटी नेऊन बसवायचे. ‘तुला’चे ‘चुलात’ होते, ‘काय’चे ‘चायक’ होते. नवख्या पाहुण्याला एक अक्षर कळत नाही आणि घरातली पोरे मात्र फडाफडा बोलत असतात. कुणी त्यांना व्याकरण शिकविलेले नसते. थोरल्या भावंडाकडून धाकट्याकडे ही किल्ली आपोआप जाते. हा ‘आपोआप’ पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

प्राचीनांची विद्या

आपल्या पूर्वजांनी हा पोरखेळ मानला नव्हता. वात्स्यायनाने ज्या चौसष्ट कला सांगितल्या, त्यांत ‘म्लेच्छितविकल्प’ ही एक कला आहे. शब्द शुद्ध असूनही अक्षरांची उलटापालट करून ते अनोळखी करणे, असा तिचा अर्थ. यशोधर या टीकाकाराने तेराव्या शतकातील आपल्या ‘जयमंगला’ टीकेत तिचे प्रकार दिले आहेत. त्यांतील एकाला ‘मूलदेवीय’ म्हणतात. त्याची रचना अगदी सोपी आहे. अक्षरांच्या जोड्या लावायच्या : अ आणि क, ख आणि ग, घ आणि ङ, च आणि ट, ञ आणि ण, त आणि प, न आणि म, य आणि श, र आणि ष, ल आणि स. जोडीतल्या एका अक्षराऐवजी दुसरे लिहायचे आणि दुसऱ्याऐवजी पहिले. उरलेली अक्षरे तशीच ठेवायची. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला एकच कोष्टक पुरते. या कोष्टकाने ‘मराठी’ हा शब्द ‘नषाठी’ होतो.

आता फळ्याकडे वळू. समजा, हे कोष्टक आपल्याला कुणी सांगितलेले नाही. एवढेच ठाऊक आहे की मजकूर मराठी आहे आणि अक्षरे जोडीजोडीने बदललेली आहेत. मग सुरुवात कोठून करायची? मोजण्यापासून. सात अक्षरांत ‘ष’ तीनदा आला आहे. मराठीत ‘ष’ इतका वावरत नाही. तेव्हा तो स्वतः ‘ष’ नसून भाषेत पदोपदी येणाऱ्या एखाद्या अक्षराचा वेष असणार. असे अक्षर कोणते? पहिला अंदाज ‘र’. तो घालून पाहिला की दुसरा शब्द ‘लरोवर’ असा दिसू लागतो. ‘–रोवर’ने संपणारा आणि अर्थ असलेला शब्द आठवायला वेळ लागत नाही : ‘सरोवर’. म्हणजे ‘ल’ हा ‘स’च्या जागी आला. जोडी उलट फिरविली की ‘स’ हा ‘ल’ ठरतो, आणि पहिला शब्द ‘लो–ञा–र’ होतो. आता मधले अक्षर कुणी सांगावे लागत नाही. लोणार सरोवर!

या लहानशा खेळात उकलीचे सगळे शास्त्र आले. मोजणी, अंदाज, ताळा आणि पुन्हा अंदाज. अक्षरांच्या मोजणीची ही रीत नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदी या पंडिताने ग्रंथबद्ध केली. पण नुसत्या मोजणीने काम पुरे होत नाही. मजकूर कुणाचा, कोठला, कशाविषयीचा, हे माहीत असावे लागते. ‘सरोवर’ हा शब्द आपल्याला चटकन सुचला, कारण आपण या मातीतले आहोत.

ब्राह्मी लिपीची कथाही अशीच आहे. सम्राट अशोकाचे लेख ज्या अक्षरांत कोरले होते, ती अक्षरे वाचणारा माणूस शतकानुशतके या देशात उरला नव्हता. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरील छोटे छोटे लेख पाहताना जेम्स प्रिन्सेप याच्या ध्यानात आले की बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे आणि तोच अनुस्वार येतो. देवस्थानातील खांबावर, फरशीवर भाविक काय लिहितो? कुणी दिले ते लिहितो. शेवटचा शब्द ‘दानं’ असला पाहिजे, हा तर्क त्याने केला. ‘द’ आणि ‘न’ हाती लागले आणि १८३७ साली ब्राह्मीचे दार उघडले. अशोकाचा शब्द पुन्हा बोलू लागला. तो वाचायला परदेशी विद्वान लागला, याचे मात्र आपल्याला वाईट वाटले पाहिजे. लिपी आपली, राजा आपला, दानही आपल्याच पूर्वजांचे. हरवली होती ती किल्ली.

मराठीचे कवाड आणि त्यावरचे कुलूप

महाराष्ट्रात हेच घडले, आणि तेही मराठीच्या पहिल्यावहिल्या गद्याच्या बाबतीत. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामी या भूमीत हिंडले. परंपरेनुसार ते मूळचे गुजरातचे, भडोचच्या प्रधानाचे पुत्र. पण त्यांनी आपला उपदेश मराठीत केला. तोही घाटावर, देवळाच्या ओसरीवर, शेतकऱ्याशी, विधवेशी, वाटसरूशी बोलता बोलता. स्त्री–पुरुष, उच्च–नीच हा भेद त्यांनी मोक्षमार्गात मानला नाही. त्यांच्या शिष्यांत महदाइसा होती, जी मराठीची आद्य कवयित्री म्हणून गौरविली जाते. त्यांच्या भ्रमंतीत आपले लोणार आहे, मेहकरही आहे. त्यांच्या चरणस्पर्शाची स्थाने दिशा आणि अंतरासकट नोंदविणारी ‘स्थानपोथी’ आजही इतिहासाच्या अभ्यासकांना उपयोगी पडते.

चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे नागदेवाचार्य आणि इतर प्रत्यक्षदर्शींकडून एकेक करून गोळा केल्या. एकाची आठवण दुसऱ्याकडून पडताळून घेतली. त्यातून ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. मराठीतला पहिला चरित्रग्रंथ तो हाच. केशिराजबासांनी स्वामींची वचने निवडून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. ज्या काळात धर्मविचार संस्कृतात सांगावा अशी रीत होती, त्या काळात या मंडळींनी जाणीवपूर्वक लोकांची भाषा स्वीकारली.

आणि मग संकट आले. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि पुढच्या दोन–अडीच दशकांत यादवांचे राज्य लयाला गेले. पंथाची परंपरा सांगते की या धाडींच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथीच नाहीशी झाली. ज्यांना ती मुखोद्गत होती, त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा लिहून काढावी लागली. म्हणूनच लीळाचरित्राच्या पोथ्यांत आज पाठभेद आढळतात. जे घर एकदा लुटले गेले, ते दुसऱ्या वेळी दाराला कडी लावते. चौदाव्या शतकात महानुभावांनी आपले ग्रंथ गूढ लिपीत लिहिण्यास आरंभ केला. त्यांतील मुख्य ती ‘सकळ लिपी’. ‘सह्याद्रिवर्णन’कार रवळोबासांचे नाव तिच्याशी परंपरेने जोडले जाते. पुढे सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा विसाहून अधिक लिप्या पंथात निर्माण झाल्या. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह योजायचे, हे सकळ लिपीचे तत्त्व. म्हणजे मूलदेवीयाचीच जातकुळी.

हे केवळ आक्रमणाच्या भयाने झाले, असे म्हणणे अपुरे ठरेल. त्यामागे आणखी दोन कारणे होती. ब्रह्मविद्या अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये, दीक्षा घेतलेल्यालाच ती गुरुमुखातून मिळावी, हा पंथाचा आग्रह होता. दुसरे कारण कटू आहे, पण ते सांगितले पाहिजे. वर्णभेद न मानणाऱ्या या पंथाचे आणि तत्कालीन सनातनी वर्गाचे पटत नव्हते. परचक्र बाहेर होते आणि दुरावा घरात होता. दोहोंपासून जपण्यासाठी हे कुलूप घातले गेले.

कुलपाची किंमत

कुलपाने आपले काम चोख केले. राज्ये आली आणि गेली, तरी मठामठांतून या पोथ्या सुरक्षित राहिल्या. एवढेच नव्हे, तर पंथाचे अनुयायी पंजाबात गेले, तेथून थेट काबूलपर्यंत पोहोचले. तिकडे ‘जयकृष्णी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मंडळींनी मराठी ही आपली धर्मभाषा म्हणून जपली. ज्यांची मायबोली पंजाबी, असे भाविक शतकानुशतके मराठी पोथी पूज्य मानीत आले. मराठीचे असे राजदूत दुसऱ्या कुणी क्वचितच पाठविले असतील. नक्कल करणाऱ्याने काना–मात्रा न बदलता जुनी पोथी उतरवून काढायची, ही शिस्त होती. त्यामुळे यादवकालीन मराठीचे जे रूप अन्यत्र पुसट झाले, ते येथे बरेचसे टिकून राहिले.

पण कुलूप दोन्ही बाजूंनी लागते. आत काय आहे हे बाहेरच्याला दिसेना, आणि जे दिसत नाही त्याविषयी माणूस वाईटच कल्पना करतो. काळी वस्त्रे नेसणारे, आपले ग्रंथ लपविणारे हे लोक कोण, असा संशय गावोगाव पसरला. कंड्या पिकल्या. संशय भाषेतच रुजला. ‘महानुभाव’चे बोलीतले रूप ‘मानभाव’, आणि त्यावरून ‘मानभावी’ हा शब्द आपण आजही वापरतो. वरून नम्र आणि आतून वेगळा, असा त्याचा अर्थ. ज्यांनी मराठीला पहिले गद्य दिले, त्यांच्या नावाची मराठीने शिवी केली! कोशातल्या एका शब्दात हिंदू समाजाच्या दोन अंगांमधले सहा शतकांचे अंतर साठलेले आहे. हा शब्द तोंडी येईल तेव्हा क्षणभर थांबावे.

नुकसान दुसऱ्या बाजूनेही झाले. ज्ञानेश्वरी घरोघरी पोहोचली, तुकोबांची गाथा वारकऱ्याच्या कंठात राहिली. पण लीळाचरित्र, सूत्रपाठ, भास्करभट्ट बोरीकरांचे ‘शिशुपालवध’, दामोदर पंडितांचे ‘वछाहरण’ हे ग्रंथ असूनही नसल्यासारखे झाले. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला या ग्रंथांचा पत्ताच नव्हता. एका मोठ्या दालनाचे दार भिंतीसारखे दिसत होते.

उकल करणारे

विसाव्या शतकाच्या आरंभी हे दार उघडले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल करून दाखविली. राजवाडे म्हणजे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड एकट्याच्या जिद्दीवर उभे करणारे तपस्वी. दप्तरे शोधीत गावोगाव पायी हिंडणाऱ्या या माणसाच्या अंगी मोजणीची चिकाटीही होती आणि जुन्या मराठीची नसही त्याला सापडली होती. आपण मघाशी पाहिले त्याप्रमाणे, उकलीला या दोन्ही गोष्टी लागतात. पाठोपाठ ठाण्याच्या वि. ल. भावे यांनी ‘महाराष्ट्र सारस्वता’त महानुभाव वाङ्मयाला स्थान दिले. यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ लिहिला. नागपूरच्या ह. ना. नेने यांनी १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग प्रसिद्ध केले. पंथातील अनेक महंतांनीही मन मोठे करून आपली पोथ्यांची बांधणी अभ्यासकांपुढे सोडली. त्यांच्या या विश्वासावाचून पुढचे काम झालेच नसते.

या मालिकेतील सर्वांत मोठे नाव बुलढाणा जिल्ह्याचे आहे. मलकापूर तालुक्यातील नरवेल हे गाव. मूलदेवीयाच्या कोष्टकात त्याचे ‘मषवेस’ होते! तेथे २२ जून १९०८ रोजी विष्णु भिकाजी कोलते यांचा जन्म झाला. या डॉ. वि. भि. कोलते यांनी आपले सारे आयुष्य महानुभाव वाङ्मयाला वाहिले. ‘महानुभाव तत्त्वज्ञान’, ‘महानुभावांचा आचारधर्म’, ‘श्रीचक्रधर चरित्र’ असे ग्रंथ त्यांनी लिहिले. नागपूर विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले, १९६७ मध्ये भोपाळ येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पण त्यांची खरी ओळख पोथ्यांपुढे वाकून बसलेला अभ्यासक हीच राहिली.

त्यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यातील काही लीळांवरून पंथातील मंडळींनी तीव्र आक्षेप घेतले आणि वाद उभा राहिला. हा प्रसंग टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अभ्यासकाला पाठ हवा असतो, भाविकाला त्यात आपला देव दिसत असतो. दोघांचेही खरे आहे. ज्यांनी सहाशे वर्षे एखादा ठेवा जिवापाड सांभाळला, त्यांना तो चव्हाट्यावर आलेला पाहून दुखणारच. म्हणून उघडणाऱ्याच्या हातात किल्लीबरोबर आदरही असावा लागतो. आणि सांभाळणाऱ्याने हे मानावे लागते की आता हा ठेवा एका पंथाचा न राहता साऱ्या मराठी समाजाचा झाला आहे. अक्षरांची उकल राजवाड्यांनी केली. मनांची उकल हे पुढच्या पिढ्यांचे काम आहे.

आपल्या माळ्यावरच्या पोथ्या

याचे फळ आज आपल्यासमोर आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र शासनाने घेतला. भाषेचे प्राचीनत्व आणि तिचे जुने वाङ्मय या बळावर हा दर्जा मिळतो. मराठीच्या त्या जुन्या भांडाराचे एक मोठे दालन कुलपातून सुटलेल्या महानुभाव ग्रंथांचे आहे. ज्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या, तेथेच आज मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. कुलूप घातलेल्या गावीच किल्ली शिकविली जावी, यापरते औचित्य कोणते?

तरीही समाधान मानून बसण्यासारखी स्थिती नाही. मोडी लिपीचेच पाहा. ती गुप्तलिपी नव्हती. जलद लिहिता यावे म्हणून ती घडली. शिवकाळापासून पेशवाईपर्यंतचा सारा व्यवहार तीत झाला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेतही शिकविली जात होती. मोडीला कुणी कुलूप घातले नाही. आपण फक्त शिकविणे थांबविले. आज घरोघरच्या माळ्यावर, वाड्याच्या फडताळात रुमालात बांधलेले कागद पडून आहेत. त्यांत जमिनीचे दस्त आहेत, देवस्थानाच्या सनदा आहेत, पणजोबांची पत्रे आहेत. घरातल्या पदवीधराला त्यातली एक ओळ वाचता येत नाही. सकळ लिपीने ग्रंथ परक्यांपासून लपविले. मोडी विसरून आपण आपला इतिहास आपल्यापासूनच लपविला. परकीय धाडीत गेलेली पोथी स्मरणातून पुन्हा लिहिता आली, कारण ती कुणाच्या तरी कंठात होती. वाळवीने खाल्लेला मोडी कागद कोण कंठातून लिहून काढणार?

आपल्या कार्यपद्धतीत मोठ्या घोषणेपेक्षा नित्याच्या लहान कामाला मान आहे. तेव्हा येथून परतताना तीन लहान कामे मनात न्यावीत. गावात महानुभाव मठ असेल तर तेथे जावे, नमस्कार करावा, तेथील पोथ्यांविषयी आदराने विचारावे. त्या मठाची पायरी आपण आजवर का चढलो नाही, हेही स्वतःला विचारावे. घरातल्या एका तरी मुलाला मोडी शिकू द्यावी. सुटीतल्या एका वर्गात तिची ओळख होते, हात बसायला पुढे सराव लागतो. आणि माळ्यावरचा रुमाल कुणी रद्दीत घालत असेल, तर त्याचा हात धरावा.

अंगणातल्या मुलांना ‘च’ची भाषा कुणी न शिकविता येते, कारण थोरले धाकट्याशी खेळतात. कोणतीही किल्ली अशीच पुढे जाते. थोरल्यांनी धाकट्यांशी बोलणे थांबविले, एका पंथाने दुसऱ्याच्या ओसरीवर बसणे थांबविले, की साधी देवनागरीदेखील ‘सोञाष लषोवष’ होऊन बसते. आपल्या लोणारचे नाव आपल्यालाच ओळखू येऊ नये, अशी वेळ कोणत्याही पिढीवर न येवो, एवढीच या प्रसंगी श्रीचक्रधरांच्या चरणी प्रार्थना.